बिरड्याचा सण आणि काळा पाव

नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. ही यादी कोणा अनोळखी माणसापुढे ठेवली तर तो ती कोकणातल्या एखाद्या शेतकरी वा कारागीर जातीच्या सणावळीची म्हणून सहज स्वीकारील. आणि ते चूकही म्हणता येणार नाही. यादी कोकणातलीच आहे, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, तेलघाणे चालवणाऱ्या लोकांची आहे. मात्र दारफाळणीचा सण म्हणजे यहुद्यांचा योम किप्पूर, होळीचा सण म्हणजे पुरीम, अनशी ढाकाचा सण म्हणजे पेसाह, आणि बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा स्मरणदिन, आव महिन्याची नवमी. बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजाने आपला धर्म शतकानुशतके या नावांत सांभाळला. यांतली अर्ध्याहून अधिक नावे स्वयंपाकघरातून आलेली आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

परदेशी गेलेल्या माणसाला घरच्या जेवणाची आठवण येते, हा विषय मराठीत नवा नाही. दिवाळी अंकांतून, प्रवासवर्णनांतून, अमेरिकेतल्या अधिवेशनांच्या स्मरणिकांतून तो इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्यातला हळवेपणा आता ठरावीक झाला आहे. विमानतळावर जप्त झालेले लोणचे, पहिल्या थंडीतली पिठल्याची आठवण, मग कुणा काकूंच्या घरचे आमंत्रण. या लेखनाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले असते: जेवण ही चवीची बाब आहे आणि तिची उणीव ही जिभेची उणीव आहे. बेने इस्रायलांचे स्थलांतर या गृहीताला छेद देते, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहावे असे वाटते. शिवाय त्यांच्या बाबतीत एक विलक्षण पेच आहे. ते परदेशी गेले नव्हते. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते घरी परतले होते. आणि घरी परतल्यावर त्यांना घरच्या जेवणाची उणीव भासली.

या समाजाची उत्पत्तिकथा अशी: फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पांगले, तेल गाळण्याचा धंदा करू लागले, शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: किहीमकर, पेणकर, चेऊलकर, नवगावकर, अष्टमकर, दिवेकर. गलबत कोणत्या शतकात फुटले यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि आपल्या विषयाला त्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की या लोकांजवळ हिब्रू लिपी राहिली नव्हती, पोथी राहिली नव्हती, रब्बी नव्हता. शेमा या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, सुंता, शनिवारची सुट्टी, काही उपास आणि काही खाण्यापिण्याचे नियम एवढेच उरले होते. ग्रंथ बुडाल्यावर धर्म सांभाळण्याचे काम चुलीवर आले.

ते काम चुलीने कसे केले, हे बिरड्याच्या उदाहरणावरून समजावे. कोकणातल्या वाचकाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: बिरडे आज मनात आले आणि आज केले असे होत नाही. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेका दाण्याचे साल काढायचे. दोन दिवसांची तयारी आणि घरातल्या चार हातांचे काम. म्हणजे ज्या घरात आव महिन्याच्या नवमीला बिरडे व्हायचे आहे, त्या घरातल्या बाईला सप्तमीला ती नवमी ठाऊक असावी लागते. मंदिर कोणते, ते कोणी पाडले, कोणत्या साली पाडले, यांतले काहीही तिला माहीत नसले तरी चालते. विध्वंसाचा इतिहास विसरला गेला, पण विध्वंसाची तिथी वालाच्या दाण्यांत राहिली.

अनशी ढाकाचा सण तर याहून सूचक आहे. अनस म्हणजे घरात मडक्यात भरून ठेवलेले एक आंबट तोंडीलावणे. वसंतातल्या त्या आठ दिवसांत हे मडके झाकून ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते. पेसाहात आंबलेले अन्न वर्ज्य असते, मिसरमधून बाहेर पडताना पिठाला आंबायला अवसर मिळाला नव्हता, ही कथा ते विसरले होते. कथेचा अर्थ गेला, नियमाचे शब्द गेले, आणि झाकलेले मडके राहिले. शिळा सण योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशीचा, खिरीचा सण वर्षारंभाच्या महिन्यातला, आणि पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून त्याचे नाव होळीचा सण आणि त्या दिवशीचे पक्वान्न पुरणपोळी. शेजाऱ्यांचे नाव आणि शेजाऱ्यांचे पक्वान्न घेऊन या लोकांनी पर्शियातल्या एस्तेर राणीचा दिवस पाळला.

या समाजाच्या स्मृतीत आणखी एक कथा आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. त्याच्या काळाविषयीही वाद आहेतच. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर आपले कोणी आहेत काय, हे त्याला पाहायचे होते. त्याने तिथल्या बायकांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले. बाकीचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. ही कथा घडलेली असो वा रचलेली, तिचा आशय समाजाने जपून ठेवला आहे: आमचे यहुदीपण तपासायचे असेल तर आमच्या बायकांना मासे निवडायला सांगा. पोथी मागू नका.

कोकणी स्वयंपाकाने या नियमांना एक मोठी सोयही करून दिली होती. यहुदी नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र आणता येत नाही. पण मटणाच्या रश्श्याला दाटपणा आणायला कोकणी बाईला दुधादह्याची गरज कुठे होती? तिच्याजवळ नारळ होता. नारळाचे दूध हे धर्मशास्त्राच्या दृष्टीने दूधच नव्हे. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या परंपरा एका खोबऱ्याच्या वाटीत कसलीही तडजोड न करता नांदल्या. वर्षारंभाचा चिकाचा हलवा, सांदणे, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे मलिदा, या साऱ्यांत नारळ आहेच. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलदोडा, सुका मेवा, आणि वर मांडलेली फळे. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने, नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना हा विधी होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, आणि तिथे जाऊन मलिदा करण्याचा प्रघात आहे. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही यहुदी समाजाजवळ हा पोह्यांचा विधी नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले होते. पुढे कोचीनहून शिकवणारे आले, जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवले; विल्सनने मराठी माणसांसाठी हिब्रूचे व्याकरण १८३२ साली छापले. पोथी परत मिळाली. १८४६ साली मुंबईत पेसाहाची हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली, १८७४ साली पुण्याला सचित्र आवृत्ती निघाली. या पुण्याच्या हग्गादेतली चित्रे मुद्दाम पाहावीत अशी आहेत. त्यांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसरमधून सुटका होऊन निघालेल्या लोकांच्या भाकऱ्या भाजायला चित्रकाराने कोकणातल्या बायका बसवल्या, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटले नाही.

शिकलेल्या पिढीने हळूहळू हिब्रू नावे उचलली. पुरीम, पेसाह, योम किप्पूर हे शब्द रूढ झाले. बिरड्याचा सण आणि अनशी ढाकाचा सण मागे पडले. ही जुनी नावे आज आपल्याला माहीत आहेत ती मुख्यत्वे हाइम सॅम्युएल किहीमकर यांच्यामुळे. त्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला आणि त्यात या सणांची व त्या त्या दिवशीच्या जेवणांची नोंद केली. ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो १९३७ साली निघाला, आणि निघाला तेल अवीवमधून. किहीमच्या माणसाने लिहिलेली अनसाच्या मडक्याची नोंद समाजाच्या आधी अकरा वर्षे त्या देशात जाऊन पोचली होती.

इस्रायलची स्थापना १९४८ साली झाली आणि बेने इस्रायलांचे स्थलांतर सुरू झाले. तेव्हा समाजाची भारतातली संख्या वीस हजारांच्या आसपास होती. हे लोक कोणाच्या छळामुळे पळाले नव्हते, ही गोष्ट त्यांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगीच आहे. काही धर्मभावनेने गेले, काही नव्या देशाच्या ओढीने, काही इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, लष्कर या खात्यांतल्या नोकऱ्यांचे काय होईल या शंकेने.

इथे एक मुद्दा सहसा नजरेआड होतो. हे लोक मुबलकतेतून टंचाईत गेले असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईत धान्याचे रेशनिंग १९४३ पासून सुरू होते, आणि मधला थोडा काळ सोडला तर १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ते चालले. भायखळ्याच्या वा उमरखाडीच्या चाळीतले बेने इस्रायल कुटुंब कार्ड घेऊन रांगेत उभे राहतच होते. बेताचा तांदूळ, त्याबरोबर गळ्यात पडलेले परदेशी धान्य, या साऱ्याची त्याला सवय होती. तिकडे इस्रायलमध्येही १९४९ साली टंचाईची राजवट जाहीर झाली. हिब्रूत तिला त्सेना म्हणतात. ती उत्तरोत्तर सैल होत १९५९ पर्यंत टिकली. म्हणजे ही माणसे एका रेशनच्या रांगेतून निघून दुसऱ्या रेशनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पोटाच्या हिशेबाने फार मोठा फरक पडला नसावा. मग बिघडले काय?

बिघडले ते असे की मुंबईच्या रांगेतली टंचाई ही ओळखीच्या अन्नाची टंचाई होती. तांदूळ कमी होता, पण तांदूळ हेच अन्न आहे याबद्दल दुकानदार, सरकार, शेजारी आणि रांगेतला माणूस या चौघांचे एकमत होते. इस्रायलच्या रांगेत ते एकमत नव्हते. तिथले रेशन युरोपातून आलेल्या माणसाचे जेवण डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले होते: पाव, मार्गारीन, अंड्याची भुकटी, गोठवलेल्या माशांच्या खवले-काटे काढलेल्या तुकड्या. ज्या समाजाने खवले पाहून मासा ओळखायचा आणि माशावरून आपण कोण ते ओळखायचे, त्याच्या पुढ्यात बर्फात गोठलेली बिनखवल्यांची तुकडी आली. ती शास्त्रशुद्ध होती, त्यावर रब्बींची देखरेख होती. निवड करायची गरजच नव्हती. आरंभीच्या निर्वासित छावण्यांत तर स्वयंपाकही सामाईक भटारखान्यात होई. १९५० नंतरच्या तात्पुरत्या वसाहतींत चूल ज्याची त्याला मिळाली, पण ती तंबूत किंवा पत्र्याच्या खोलीत, रॉकेलच्या शेगडीवर. दोन दिवस वाल भिजत ठेवण्याचे सोडाच, वाल आणि नारळ मिळायचे कोठून?

तांदळाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. परकीय चलन नसल्याने तांदूळ मिळत नव्हता, आणि आशिया व उत्तर आफ्रिकेतून आलेल्या लोकांना तो हवा होता. तेव्हा पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सूचनेवरून ऑसेम या कंपनीने १९५३ च्या सुमारास गव्हाच्या पिठाचे, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे, भट्टीत भाजलेले कण तयार केले. त्यांचे नाव पतितिम, पण लोक त्यांना बेन गुरियनचा तांदूळ म्हणू लागले. पुढे हे कण त्या देशात मुलांचा आवडता पदार्थ झाले आणि आता जगभरच्या उपाहारगृहांत वेगळ्या नावाने मिरवतात. टंचाईतून निघालेल्या युक्तीचे ते यशच म्हटले पाहिजे. पण कोकणातून आलेल्या माणसाच्या ताटात पहिल्यांदा हा गव्हाचा तांदूळ पडला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार करून पाहावा. राज्याने त्याची मागणी ऐकली होती, आणि तिचा आकार तेवढा पुरवला होता.

आता काळ्या पावाची गोष्ट. बीरशेबा हे वाळवंटाच्या तोंडाशी असलेले गाव. बरेच बेने इस्रायल आरंभी तिथे पाठवले गेले. काम मिळेना, मिळाले तर अंगमेहनतीचे, कारकुनी केलेल्या माणसांना न झेपणारे. १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातल्या एका गटाने आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी करून तेल अवीवमध्ये धरणे धरले, उपोषणे केली. त्यांच्या तक्रारींमध्ये घर आणि नोकरी यांच्या जोडीने एक तक्रार पावाची होती. दुकानात आम्हाला सांगण्यात आले की तुम्ही काळे आहात, तुम्ही काळा पाव खा, पांढरा पाव गोऱ्यांसाठी आहे. ही तक्रार तेव्हा वर्तमानपत्रांपर्यंत पोचली, आणि पुढे या समाजाविषयीच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात ती येते.

हे वाक्य कोणा एका दुकानदाराने एकदा उच्चारले की अनेकांनी अनेकदा, हे ठरवण्याच्या खटपटीत पडण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. त्सेनाच्या काळात सर्वांसाठी ठरवलेला स्वस्त, सरकारी मदतीचा पाव काळपटच होता. त्याचे नावच मुळी एकसारखा पाव अशा अर्थाचे होते. राज्याच्या मते तो समतेचा पाव होता: पोलंडचा आणि मोरोक्कोचा, बगदादचा आणि मुंबईचा, सारे एकच पाव खाणार. तोच पाव एका वाक्यासरशी विषमतेचे चिन्ह झाला. अन्न वाटणाऱ्याला आणि अन्न घेणाऱ्याला एकच वस्तू किती वेगळी दिसू शकते, याचे याहून नेमके उदाहरण मला आठवत नाही. आणि भाकरी-भाताच्या माणसाला मुळात पावच परका. पांढरा मिळाला असता तरी तो त्याच्या घरचा नव्हता. त्याला पांढऱ्या पावाची भूक नव्हती. पाव निवडण्याच्या अधिकाराची होती.

१९५२ च्या एप्रिलमध्ये शंभराहून अधिक लोकांना विमानाने मुंबईस परत पाठवण्यात आले. यानंतरची हकीकत कोणत्याही सोप्या निष्कर्षाला अडचणीची आहे. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी थोड्याच काळात पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले, आणि ते गेलेही. मुंबईत त्यांचे बिरडे, त्यांचा नारळ, त्यांची भाषा, सारे जागच्या जागी होते. तरीही ते गेले. घरच्या जेवणाची ओढ माणसाला घरी परत आणते असे मानणाऱ्या हळव्या लेखनाला या माणसांपाशी थांबून विचार करावा लागेल. त्यांना बीरशेबात मुंबई हवी नव्हती. त्यांना बीरशेबा हवे होते, पण त्यात आपली चूल हवी होती.

अन्नाबद्दलच्या अशा आग्रहाला गर्व किंवा मागासपणा म्हणून मोडीत काढण्याची रीत जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या, आणि शाकाहारीच राहिल्या. त्यांची काळजी वाहणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना या खाण्याच्या निर्बंधांत जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी पत्रातून दिलेल्या उत्तराचा रोख असा, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने कोणाला उपद्रव न देता आपल्या सवयी पाळल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? धर्म बदलूनही ताट न बदलणाऱ्या रमाबाई, आणि धर्म एकच असूनही ताट वेगळे असलेले बेने इस्रायल, या दोघांपुढे प्रश्न एकच होता. आपल्या माणसांत गणले जाण्यासाठी आपले जेवण सोडावे लागते काय? रमाबाईंचा वाद परक्यांशी होता, म्हणून तो आपल्याला चटकन समजतो. बेने इस्रायलांचा वाद स्वकीयांशी होता.

तो वाद दहा वर्षांनी अधिक उघड झाला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुद्याशी लग्न नोंदवण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी व्हावी. शतकानुशतके या समाजात यहुदी घटस्फोटाचे नियम पाळले गेले नसतील, बाहेरच्यांशी संबंध आले असतील, अशी शंका होती. समाज खवळून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला. आदेशातला समाजाच्या नावाचा उल्लेख गेला.

या चौकशीत काय मागितले गेले हे पाहा. वंशावळी, दाखले, नोंदी. ज्यांचे ग्रंथच समुद्रात बुडाल्याची कथा आहे, त्यांच्याकडे कागद मागितला. त्यांच्याजवळ पुरावा होता, तो राहाबीने मान्य केलेल्या प्रकारचा: निवडलेला मासा, झाकलेले मडके, सप्तमीला भिजत घातलेले वाल. पण हा पुरावा हजर करायला मासळीबाजार लागतो, मडके लागते, वाल लागतात. आणि नव्या देशात नेमके तेच मागे राहिले होते. जेवणाची उणीव ही जिभेची उणीव नव्हे असे मी आरंभी म्हटले ते याच अर्थाने. या लोकांच्या बाबतीत ती दस्तऐवजाची उणीव होती.

पुढच्या दशकांत परिस्थिती पालटली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले या गावांत बेने इस्रायल वस्ती स्थिरावली. मसाले मिळू लागले, भारतीय वाणसामानाची दुकाने झाली. मायबोली या नावाचे मराठी नियतकालिक तिकडून अनेक वर्षे निघत राहिले. आणि मलिदा टिकला. नुसता टिकला नाही, तर कोकणात जो एक घरगुती नवसाचा विधी होता, तो इस्रायलमध्ये या समाजाची ओळखच होऊन बसला. ताटात खजूर आणि तिकडची फळे आली, पण खाली पोहे आणि खोबरे तेच राहिले. हिब्रू प्रार्थना सगळेच यहुदी म्हणतात. पोहे हेच भिजवतात.

याची दुसरी बाजू मागे राहिलेल्यांची. एस्तेर डेव्हिड यांची बुक ऑफ रेचल ही इंग्रजी कादंबरी २००६ साली आली, आणि २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. अलिबागजवळ एकटी राहणारी म्हातारी, इस्रायलला गेलेली मुले, ओस पडलेले सिनेगॉग; आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती. साहित्याच्या विद्यार्थ्याला या पाककृती कथानकाची सजावट वाटू शकतील. वर सांगितलेला इतिहास ठाऊक असेल तर त्या तशा वाटणार नाहीत. ज्या समाजाने सणांना पदार्थांची नावे दिली, त्याच्या कादंबरीने प्रकरणांना पदार्थ जोडले, तर तो त्याच परंपरेचा विस्तार म्हणावा लागेल. भारतात आज या समाजाची काही हजार माणसेच उरली आहेत. मुलांनी इस्रायलमध्ये ज्या चवीची आठवण काढली, ती चव सांभाळणारे हात इकडे कमी होत गेले.

आपल्याकडे अन्नविषयक लेखन अलीकडे वाढले आहे, आणि ते अभ्यासक्रमांतही येऊ पाहत आहे. त्याचे स्वागत करतानाच, शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न जरूर ठेवावा. कुणा स्थलांतरिताने एखाद्या पदार्थाची आठवण काढली की आपण लगेच त्याला स्मरणरंजन म्हणतो आणि पुढे जातो. त्याऐवजी त्या पदार्थाकडे कोणते काम सोपवलेले होते, हे विचारावे. काही पदार्थ खरोखर नुसते रुचकर असतात आणि त्यांची आठवणही तेवढीच असते. पण काहींवर तिथी सांभाळण्याचे, नियम सांभाळण्याचे, आपण कोण हे सांगण्याचे काम असते.

किहीमकरांनी अनसाच्या मडक्याची नोंद केली तेव्हा ते मडके झाकण्याचे कारण समाजाला कळून चुकले होते. त्यामुळे ती चाल आता निरुपयोगी झाली असे समजून ते ती वगळू शकले असते. त्यांनी वगळली नाही. कारण माहीत नसताना ज्या बायकांनी दर वर्षी आठ दिवस ते मडके झाकून ठेवले, त्यांच्यामुळेच कारण शोधायला कोणी शिल्लक राहिले, हे त्यांनी ओळखले असावे.